सेंट ब्रिजिडचा सण घरी कसा साजरा करावा

आयर्लंडमध्ये राहणाऱ्या आपल्या बहुतेक मंडळींना सेंट ब्रिजिडचा दिवस म्हणजे फेब्रुवारीत जोडून आलेला एक सोमवार, इतपतच ठाऊक असतं. सुट्टी नवी आहे, 2023 पासूनची. ऑफिसात कुणाला विचारलं की या सुट्टीचा बेत काय, तर ‘झोप काढणार’ किंवा ‘स्वस्तात तिकीट मिळालं तर उन्हात जाणार’ असं उत्तर मिळतं. 17 मार्चच्या सेंट पॅट्रिक्स डेसारख्या हिरव्या टोप्या आणि पबबाहेरची रेटारेटी या दिवशी नसते, आणि माझ्या मते हेच या सणाचं भाग्य आहे. हा घरातला सण आहे. टेबलाभोवती बसून, हाताने काहीतरी विणत, बटाटे आणि लोणी खात करायचा. खर्च जवळजवळ नाही. तयारी मात्र लागते, आणि ती चार-आठ दिवस आधी सुरू करावी लागते.

तारीख आधी नीट बघा

सण आणि सुट्टी या दोन वेगळ्या तारखा आहेत. सण 1 फेब्रुवारीला, मग वार कुठलाही असो. सरकारी सुट्टी फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी. फक्त 1 तारखेला शुक्रवार आला तर सुट्टी त्याच शुक्रवारी मिळते. म्हणजे 2027 मध्ये 1 फेब्रुवारीला सोमवारच आहे, तेव्हा सण आणि सुट्टी एकत्र. 2028 मध्ये सण मंगळवारी आणि सुट्टी थेट पुढच्या सोमवारी, 7 तारखेला. 2030 मध्ये शुक्रवारचा योग आहे. उत्तर आयर्लंडमध्ये ही सुट्टी नाही, त्यामुळे बेलफास्टकडच्या मंडळींनी रजा टाकूनच ठेवावी.

शिवाय खरा सण 1 तारखेचाही नाही, तो आदल्या संध्याकाळचा. जुन्या आयरिश हिशोबात दिवस मावळतीला सुरू व्हायचा, आणि 1 फेब्रुवारी हा वसंताचा पहिला दिवस मानला जायचा. बाहेर चार अंश तापमान आणि आडवा पाऊस असताना याला वसंत म्हणायचं धाडस आयरिश माणूसच करू जाणे. पण मेंढ्या विण्याचा आणि दूध पुन्हा सुरू होण्याचा काळ हाच, आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने वर्ष तिथूनच वळतं. ख्रिस्ती धर्म येण्याआधीही या दिवसाला इम्बोल्क म्हणून मान होताच.

तेव्हा बेत असा आखावा: 31 जानेवारीच्या संध्याकाळी घरात सगळा सोहळा, 1 तारखेला थोडंसं, आणि सुट्टीच्या सोमवारी बाहेर फिरायला. 31 तारखेला डब्लिनमध्ये पाचच्या सुमारास अंधारतं. तोपर्यंत ऑफिस सुटत नाही म्हणून हिरमुसायचं कारण नाही, इथे मुहूर्त पाळायचा नसतो. सातला सुरुवात केली तरी चालते.

ही ब्रिजिड कोण?

घरात मुलं असतील तर हा प्रश्न येणारच, म्हणून उत्तर तयार ठेवा. पॅट्रिक आणि कोलमकिल यांच्याबरोबरीने ब्रिजिड ही आयर्लंडची रक्षक संत. परंपरेनुसार तिचा जन्म पाचव्या शतकाच्या मध्यावर, डंडॉकजवळच्या फॉहर्ट इथे झाला, आणि तिने किल्डेरला मठ स्थापन केला. कोगिटोसस नावाच्या साधूने सातव्या शतकात तिचं चरित्र लिहिलं. त्यात चमत्कार भरपूर आहेत, आणि ते बहुतेक खाण्यापिण्याचे, गुराढोरांचे, गरिबांना काही देण्याचे. पाण्याची बिअर केली हाही त्यातलाच एक. तिच्याच नावाची एक देवीही जुन्या आयरिश साहित्यात आहे, कविता, वैद्यकी आणि लोहारकाम यांची. देवीची संत झाली की संताभोवती देवीच्या गोष्टी गोळा झाल्या यावर विद्वान अजून भांडतात. आपण मुलांना अंगरख्याची गोष्ट सांगावी.

मठासाठी जागा मागायला ब्रिजिड लेन्स्टरच्या राजाकडे गेली. राजा कवडी सोडेना. शेवटी ती म्हणाली, माझा अंगरखा जेवढी जमीन झाकेल तेवढी तरी दे. राजा हसून ‘दिली’ म्हणाला. चार मैत्रिणींनी अंगरख्याची चार टोकं धरली आणि चार दिशांना चालू लागल्या. अंगरखा पसरतच गेला, आणि त्याने करहाचं अख्खं माळरान व्यापलं. करहाचं माळरान आजही आहे, एम 7 रस्त्यावरून जाताना दिसतं, आणि तिथे घोड्यांच्या मोठ्या शर्यती होतात. सोमवारी जाल तेव्हा गाडीतून दाखवा.

चार-आठ दिवस आधी: गवत मिळवा

या सणाची मुख्य वस्तू म्हणजे ब्रिजिडचा क्रॉस, आणि तो विणतात पाणथळ जागेत उगवणाऱ्या एका गोल, काडीसारख्या गवतापासून. इंग्रजीत त्याला रश म्हणतात. आपल्या लव्हाळ्याच्या चुलत घराण्यातलं हे झाड. आयरिश शेतकऱ्याला ते अजिबात आवडत नाही, कारण जिथे निचरा होत नाही तिथे ते माजतं आणि चाऱ्याचं गवत मारतं. त्यामुळे गावाकडे ओळखीचं कुणी असेल तर मागायला संकोच करू नका, ‘हवं तेवढं ने, मुळासकट ने’ असंच उत्तर मिळेल. ओळखीचं कुणी नसेल तर विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या शेतात शिरू नये, आणि राखीव निसर्गक्षेत्रातून तर काहीच उपटू नये. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट मात्र घाला. हे गवत जिथे असतं तिथे जमीन पाय गिळते.

प्रथा अशी की गवत कापायचं नाही, उपटायचं. यात सोयही आहे. बुडाशी धरून सरळ वर ओढलं की काडी पूर्ण लांबीची आणि न चेपता निघते. हिरवीगार, निदान हातभर लांब, मधे तपकिरी न पडलेली काडी निवडा. शेंड्याजवळ फुलाचा छोटा तपकिरी झुबका असतो, त्याच्या वरचं टोक विणताना नको, ते नंतर छाटायचं. एका क्रॉसला 16 काड्या पुरतात, 28 घेतल्या तर क्रॉस भरदार होतो. तुटफुटीसाठी माणशी 40 धरा. घरी आणल्यावर ओल्या टॉवेलात गुंडाळून बाल्कनीत ठेवा. हीटरजवळ ठेवलंत तर दोन दिवसांत काड्या ताठ होतात आणि दुमडताना मोडतात.

एखादी काडी आडवी मोडून बघा. आत पांढरा, स्पंजसारखा गाभा दिसेल. पूर्वी ही काडी सोलून, गाभा चरबीत बुडवून गरिबाघरचा दिवा करत. मुलांना सोलायला द्या, विणायची पाळी येईपर्यंत ती त्यात रमतात.

गवत मिळालंच नाही, किंवा तुम्ही पुण्यात बसून हे वाचताय, तर गव्हाचं काड कोमट पाण्यात तासभर भिजवून वापरा. आयर्लंडमध्येही काही भागांत काडाचे क्रॉस करतात. तेही नसेल तर कागदी स्ट्रॉ किंवा हस्तकलेच्या दुकानातल्या मऊ लोकरी तारा. इथल्या शाळांत लहान वर्गांना बऱ्याचदा त्याच देतात. दिसायला बऱ्या, पण ओल्या गवताचा वास त्यांना नाही.

31 ची संध्याकाळ: आधी कापड बाहेर ठेवा

घरी आल्यावर पहिलं काम दोन मिनिटांचं. एक सुती कापडाचा तुकडा, रुमाल, ओढणीची पट्टी किंवा रिबीन घ्या आणि रात्रभरासाठी बाहेर ठेवा. खिडकीच्या कठड्यावर, बाल्कनीच्या गजाला, बागेतल्या झुडपावर, कुठेही. समजूत अशी की त्या रात्री ब्रिजिड सगळ्या देशातून फिरते आणि जाताना कापडाला हात लावून जाते. मग ते कापड वर्षभर घरात जपून ठेवायचं. डोकं दुखलं की कपाळाला बांधायचं, घसा धरला की गळ्याला गुंडाळायचं, गाय किंवा मेंढी अडली की तिच्या पाठीवर टाकायचं. काही घरांत तेच कापड दरवर्षी पुन्हा बाहेर ठेवतात, जितकं जुनं तितका गुण जास्त. रिबीन ठेवणारे संध्याकाळी ती मोजतात आणि सकाळी पुन्हा मोजतात. लांबी वाढली तर वर्ष चांगलं. सुती रिबीन पावसात भिजून खरंच जराशी ताणली जाते असा माझा संशय आहे, पण हे मुलांना सांगायची काही गरज नाही.

एकच सूचना: गाठ मारा. जानेवारी अखेरीचा वारा रुमालाला ब्रिजिड येईपर्यंत थांबू देत नाही.

दारावरची थाप

हा भाग मोठ्यांना सुरुवातीला अवघड वाटतो, म्हणून बरेच जण गाळतात. गाळू नका, संध्याकाळची सगळी मजा यात आहे. घरातली एक मुलगी (नसली तर कुणीही) गवताचा भारा घेऊन बाहेर जाते. काही भागांत ती घराला तीन प्रदक्षिणा घालते, काही भागांत नुसती दारावर थाप मारते. मग बाहेरून ओरडून सांगते: ‘गुडघे टेका, डोळे उघडा, आणि ब्रिजिडला आत येऊ द्या!’ आतले सगळे उत्तर देतात: ‘येऊ दे, येऊ दे, त्या थोर बाईचं स्वागत असो!’ असं तीनदा झालं की दार उघडायचं, भारा आत घ्यायचा आणि टेबलाखाली ठेवायचा. जेवण होईपर्यंत तो तिथेच राहतो.

मूळ शब्द आयरिश भाषेतले आहेत. मुलं इथल्या शाळेत जात असतील तर त्यांना शिक्षकांना विचारून यायला सांगा, उच्चारही तीच शिकवतील. नाहीतर मराठीत म्हणा, काही बिघडत नाही. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना प्रदक्षिणा जमणार नाही. कॉरिडॉरच्या टोकापर्यंत जाऊन या आणि शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. शेजारी वयस्क आयरिश असतील तर त्यांनाच बोलवा. लहानपणी आजीच्या घरी हे पाहिलेली माणसं अजून आहेत, आणि त्यांना बोलतं करायला एवढं निमित्त पुरतं.

जेवण: बटाटे, केल आणि लोणी

या रात्रीच्या ताटात बटाटा आणि ताजं लोणी हवंच. दुभती जनावरं नुकती दूध द्यायला लागलेली असायची, त्यामुळे लोणी हा नव्या वर्षाचा पहिला मेवा. कुटलेल्या बटाट्याला भागाभागांत वेगवेगळी नावं आणि वेगवेगळे मानकरी आहेत. मी इथे केल नावाची पालेभाजी किंवा कोबी घातलेला, कोलकॅनन नावाचा प्रकार देतो. शाकाहारी घरात जसाच्या तसा चालतो.

चौघांसाठी 1 किलो बटाटे घ्या. बटाटा पिठूळ हवा, आयर्लंडमध्ये लाल सालीचा रूस्टर सगळीकडे मिळतो. चिकट जातीचा घेतलात तर कुटल्यावर खळ तयार होते. बटाटे सालीसकट, थंड मीठपाण्यात टाकून शिजवा. सुरी सहज आत गेली की पाणी पूर्ण ओता, भांडं परत मंद आचेवर ठेवा आणि वर स्वच्छ कापड टाका. पाच मिनिटांत उरलेला ओलावा वाफ होऊन जातो. ही पायरी लोक गाळतात आणि मग कोलकॅनन पातळ झालं म्हणून कुरकुरतात.

तोवर 200 ग्रॅम केलची पानं जाड देठ काढून बारीक चिरा आणि थोड्या पाण्यात चार-पाच मिनिटं शिजवून घट्ट पिळा. दुसरीकडे 150 मिलिलिटर दुधात चार-पाच कांद्याच्या पाती चिरून गरम करा, उकळी येऊ देऊ नका. बटाटे गरम असतानाच सोला आणि हाताने कुटा. मिक्सर वापरू नका, बटाटा रबरासारखा होतो. गरम दूध थोडं थोडं घाला, मग केल, मीठ, मिरी. थाळीत ढीग लावून मधे खळगा करा आणि त्यात 25 ग्रॅम लोणी सोडा. खाताना कडेने घास घ्यायचा आणि मधल्या वितळलेल्या लोण्यात बुडवायचा. खळग्याची भिंत ज्याची शेवटपर्यंत टिकते तो जिंकला.

मोहरी-हिरवी मिरचीची फोडणी द्यावी असं वाटेल. उद्या उरलेल्याच्या टिक्क्या करा आणि त्यात काय हवं ते घाला. आज रात्री लोण्याची चव लागू द्या.

लोणी घरी करायचं असेल तर तेही सोपं आहे. साय असलेली क्रीम, फ्रिजबाहेर तासभर ठेवलेली, झाकणाच्या बरणीत अर्धी भरा आणि हलवत राहा. आधी ती फेसाळून घट्ट होते आणि बरणीतून आवाजच येईनासा होतो. तिथे मुलं हात टेकतात. थांबू नका. आणखी थोड्या वेळाने एकदम डुचमळण्याचा आवाज येतो, लोणी आणि ताक वेगळं झालेलं असतं. ताक ओतून घ्या, लोणी थंड पाण्यात दोन-तीनदा धुवा, चिमूटभर मीठ घाला.

जेवण झाल्यावर ब्रेडचा किंवा मनुका घातलेल्या ब्रॅक नावाच्या गोडसर पावाचा एक तुकडा लोणी लावून खिडकीबाहेर ठेवतात, वाटेवरच्या ब्रिजिडसाठी. तिची पांढरी गायही बरोबर असते, म्हणून जुने लोक धान्याची पेंढीही ठेवत. शहरात उंदीर आणि सीगल यांचा विचार करून हा मान घरातच एका बशीत ठेवलात तर ती रागावणार नाही.

क्रॉस विणा

आता टेबल पुसून भारा वर घ्या. सगळ्यांत प्रचलित नमुना चार हातांचा. आयर्लंडची सरकारी दूरचित्रवाणी 1961 च्या शेवटच्या दिवशी सुरू झाली तेव्हा तिने हेच चिन्ह घेतलं आणि नव्वदच्या दशकापर्यंत वापरलं, त्यामुळे एका पिढीला हा क्रॉस देवघरापेक्षा टीव्हीवरून जास्त ओळखीचा आहे. चार रबरबँड आणि कात्री जवळ ठेवा.

1. एक काडी उभी धरा. ही सगळ्यांत जाड निवडा.

2. दुसरी काडी बरोबर मधे दुमडा. दुमडताना नखाने चेपू नका, अंगठ्याने गोल वळवा. ही दुमडलेली काडी उभ्या काडीच्या मध्यावर अडकवा, अशी की दुमड उभ्या काडीला मिठी मारेल आणि दोन्ही मोकळी टोकं उजवीकडे येतील.

3. मधला भाग चिमटीत घट्ट धरा आणि सगळं घड्याळाच्या उलट दिशेने पाव वळसा फिरवा. आता उजवीकडची टोकं वर आली.

4. तिसरी काडी दुमडा आणि वर आलेल्या टोकांभोवती, अगदी मध्याला खेटून अडकवा. मोकळी टोकं पुन्हा उजवीकडे. मध्याकडे सरकवून आवळा.

5. पुन्हा पाव वळसा, त्याच दिशेने. पुन्हा नवी काडी, वर आलेल्या सगळ्या टोकांभोवती, टोकं उजवीकडे.

6. हेच करत राहा. चौथ्या-पाचव्या काडीपासून मधे चौकोन दिसायला लागतो. प्रत्येक फेरीत नवी काडी आधीच्या काडीच्या शेजारी बसली पाहिजे, तिच्यावर चढता कामा नये.

7. चौकोन पुरेसा मोठा झाला की चारही हातांना टोकापासून थोडं आत रबरबँड लावा आणि टोकं सारखी छाटा.

सगळं कौशल्य डाव्या हाताच्या चिमटीत आहे. वेणी घालताना एक पेड ढिला सुटला की पुढचं सगळं फुगतं, तसंच इथे. मधला चौकोन सैल वाटला तर पुढे न जाता तिथपर्यंत उसवा. वळशाची दिशा विसरणं ही दुसरी नेहमीची गोची. मधेच उलटं फिरवलं की एक हात गायब होतो आणि दुसरा दुप्पट जाड होतो. फोन आला तर क्रॉस खाली ठेवू नका, फोन वाजू द्या.

हिरवा क्रॉस आठ-दहा दिवसांत वाळून पिवळट होतो आणि काड्या आकसतात. तेव्हा रबरबँड काढून सुतळीने पुन्हा घट्ट बांधा. तीन हातांचा क्रॉसही असतो, तो पूर्वी गोठ्यात लावत.

विणताना सांगायला या क्रॉसचीही गोष्ट आहे. एक सरदार मरणपंथाला लागलेला, ख्रिस्ती धर्माचा गंधही नसलेला. त्याच्या उशाशी बसलेल्या ब्रिजिडने जमिनीवर अंथरलेल्या गवताच्या चार काड्या उचलल्या आणि बोलता बोलता क्रॉस विणला. तेव्हा जमिनीवर असं गवत अंथरायची पद्धतच होती, त्यामुळे गोष्टीत तिला ते शोधायला कुठे जावं लागत नाही.

1 तारखेची सकाळ

कापड आत घ्या, वाळवा, घडी करून ठेवा. क्रॉस मुख्य दाराच्या वर किंवा स्वयंपाकघरात लावा. घर आगीपासून सुरक्षित राहतं अशी श्रद्धा, आणि गवती छपरांच्या काळात ती उगाच नव्हती. भाड्याच्या घरात खिळा ठोकण्याआधी करारनामा आठवा, चिकटणारा हुक पुरतो. स्टोव्हच्या वर मात्र लावू नका, शेवटी ते वाळकं गवत आहे. जादा विणलेले क्रॉस शेजाऱ्यांना द्या. मिठाईच्या डब्यापेक्षा इथे त्याचं अप्रूप जास्त.

मागच्या वर्षीचा क्रॉस कचऱ्यात टाकत नाहीत. जुन्या घरांत तो आढ्याच्या वाशांत खोचून देत, वरती किती क्रॉस आहेत यावरून घर किती वर्षांचं ते कळे. आता लोक तो जाळतात किंवा बागेत पुरतात.

दक्षिणेकडच्या काही भागांत या दिवशी चाक फिरवणं वर्ज्य असे: सूतकताईचं चाक बंद, बैलगाडी-घोडागाडी बंद. 1 तारीख कामाच्या दिवशी आली तर हा नियम बस कंपनीला सांगून उपयोग नाही, पण रविवारी आली तर गाडीची किल्ली लपवून पायी फिरायला जायला उत्तम सबब आहे. फिरताना काटेरी हेजहॉग दिसला तर थंडी सरली म्हणतात.

सुट्टीचा सोमवार: किल्डेर

डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनवरून किल्डेरला गाडीने पाऊण तासाच्या आत पोचता येतं आणि स्टेशनवरून गावचा चौक चालत जाण्याइतका जवळ आहे. सुट्टीच्या दिवशी गाड्या कमी असतात, परतीची वेळ आधी बघून ठेवा.

चौकाच्या कडेला सेंट ब्रिजिडचं कॅथेड्रल आहे. आवारात सुमारे 32 मीटर उंच गोल मनोरा, आणि जवळच एका छोट्या चौकोनी इमारतीचा पाया, त्याला अग्निमंदिर म्हणतात. बाराव्या शतकात वेल्सचा जेराल्ड इथे आला होता. त्याने लिहून ठेवलंय की इथे अखंड अग्नी तेवत असे. 19 जोगिणी (नन) पाळीपाळीने एकेक रात्र तो राखत, आणि विसाव्या रात्री लाकडं रचून ‘ब्रिजिड, आता तुझी पाळी’ म्हणून निघून जात. सकाळी अग्नी तेवत असायचा. भोवतीच्या कुंपणाच्या आत पुरुषाला पाऊल टाकायची मुभा नव्हती. हा अग्नी पुढे विझला. 1993 मध्ये ब्रिजिडिन जोगिणींनी तो किल्डेरच्या चौकात पुन्हा पेटवला, आणि 2006 मध्ये तेव्हाच्या राष्ट्राध्यक्ष मेरी मॅकअलीस यांनी तिथेच कायमची ज्योत प्रज्वलित केली.

चौकातून टली नावाच्या जागेकडे चालत गेलं की ब्रिजिडची विहीर लागते. विहीर म्हणजे झराच. प्रदक्षिणा घड्याळाच्या दिशेने घालतात, आपल्याला शिकवावं लागत नाही. बाजूच्या झाडाला लोक चिंध्या बांधतात. चिंधी कुजली की दुखणं जातं ही त्यामागची कल्पना, म्हणून सुती कापडच बांधा. नायलॉनची रिबीन आणि चमकी झाडाला गळफास होऊन बसते, आणि दुखणंही मग तिथेच राहणार. याच वाटेवर सोलास ब्रीदा हे जोगिणींचं केंद्र आहे. सणाच्या आठवड्यात तिथे क्रॉस विणायला शिकवतात, जागा आधी राखून ठेवावी.

गर्दी नको असेल तर पश्चिमेला क्लेअरमधली लिस्कॅनरची विहीर बघा, मोहरच्या कड्यांना जाणाऱ्या रस्त्यालगतच आहे. एका अरुंद, छत असलेल्या बोळात पाणी, आणि दोन्ही भिंतींवर लोकांनी सोडलेल्या जपमाळा, गेलेल्यांचे फोटो, चिठ्ठ्या. चिठ्ठ्या वाचू नका, मोबाइल खिशात ठेवा. आणि दंगा हवा असेल तर केरीमध्ये किलॉर्गलिनला जा. तिथे गवताचे उंच टोकदार मुखवटे घातलेले बिडी बॉइज वाद्यं घेऊन ब्रिजिडची बाहुली मिरवतात. राहायची सोय मात्र आधीच करा.